वच्छलाबाईचा दिवस

"आज कोणाचा दिवस?" भामाबाईनं बांधावरनं इचारलं.

"वच्छलाबाईचा," दीपमाला म्हणाली, पदर कमरेला खोचला आणि आद्रकाच्या सरीत उतरली.

आता बघा, उतरली दीपमाला, दिवसभर गड्डे उपटणार दीपमाला, संध्याकाळी कंबर धरून बसणार ती बी दीपमालाच, पण दिवस वच्छलाबाईचा. वच्छलाबाई म्हणजे तिची सासू. ती तिथंच बांधावर बसलेली, उजवा हात कोणीतरी आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडलेला, आणि डाव्या हातानं दोन-चार तुकड्यांची माती झाडत होती. यात दीपमालाला कधी वावगं वाटलं नव्हतं. सावडच तशी असती. खुलताबादच्या पलीकडं बर्डीवरच्या वस्तीत पाच घरं, पाच बायका, मजुरीचा काय संबंध नाय. आज पाची जणी तुझ्या रानात, उद्या पाची जणी माझ्या रानात. सरीत उतरताना आपल्या घरचा दिवस कोणाच्या नावावर ते सांगायचं, आणि दिवस बाईच्या नावाचा. बाई पडली आजारी तर लेक येईल, सून येईल, कोण बी येईल, पण नाव तिचंच घ्यायचं. नाव घेतलं नाय तर दिवस बुडाला, आणि असे चार-दोन बुडाले की बाई सावडीतनं गेली. मग तिला कोण इचारत नाय. तीस वर्षांत भामाबाईनं वच्छलाबाईचा एक दिवस बुडू दिला नव्हता, आणि वच्छलाबाईनं भामाबाईचा.

माघाचं ऊन नुसतं दिसायला. मातीत हात घातला की बोटं बधिर, आणि तुटलेल्या आद्रकाचा रस नखात गेला की तीच बोटं पेटल्यासारखी. पुढं कुदळीनं माती ढिली केलेली, मागनं बायका, गड्डा धरायचा, उपटायचा, आपटायचा, मुळ्या मोडायच्या, मागं टाकायचा. दहाच्या सुमाराला बद्रीनाथ, दीपमालाचा सासरा, मोबाईल हातात धरूनच ढेकळं तुडवत आला.

"वकिलाचा फोन व्हता. गुरुवारी तारीख हाय. भामाबाई, तुमची साक्ष."

"मला काय इचारतील?"

"तुम्ही पाहिलं ते."

"मी तर सगळंच पाहिलं."

"सगळं नका सांगू," बद्रीनाथ म्हणाला. "वकील म्हणला, इचारलं तेवढंच सांगायचं."

भामाबाईनं गड्डा आपटला. "मग इचारलंच नाय तर?"

 बद्रीनाथ मोबाईलकडं बघत तसाच माघारी गेला.

भामाबाईनं पाहिलेलं ते असं. पावणेदोन वर्षांपूर्वी, लागवडीच्या दिवसांत, रविवारी, दिवस मावळायच्या आधी दोघी रस्त्याच्या कडंनं घराकडं चाललेल्या. वच्छलाबाईच्या डोक्यावर बेण्याचं पोतं, उजव्या हातानं धरलेलं. वेरूळकडून पांढरी गाडी आली, पुढच्या टेम्पोला गाठायला पार कडंला घुसली, आणि धरलेला हातच घेऊन गेली. बेणं सगळं रस्त्यावर. वच्छलाबाई चारीत पडली आणि पहिलं काय बोलली असेल, तर, "भामे, बेणं गोळा कर, गाड्या चिरडतील." गाडीवाला पळाला नाय, बिचाऱ्यानं स्वतःच गाडीत घालून शहरात नेलं. कोपराचे तीन तुकडे झाले होते. पट्टी बसवली, टाके सुकले, पण कोपर काही दुमडंना. हात अर्धा वाकडा तो तसाच राहिला. तोंडापर्यंत जात नाय, डोक्यापर्यंत जात नाय. वच्छलाबाई डाव्या हातानं जेवायची, आणि तेव्हापासून कोणाच्या लग्नात पंगतीला बसलीच नव्हती. म्हणायची, मला भूक नाय. अंबाडा दीपमाला घालून द्यायची, रोज सकाळी, चुलीपुढं.

डॉक्टर म्हणाला होता, अजून एक ऑपरेशन केलं तर थोडंफार दुमडंल, घास तरी तोंडात जाईल. ते ऑपरेशन सरकारी योजनेत बसत नव्हतं. म्हणून दावा. सगळा जीव त्या दाव्यात.

आणि दावा म्हणजे काय ते घरात कोणालाच धड कळलं नव्हतं. बद्रीनाथला वाटायचं, दावा त्या गाडीवाल्यावर हाय, त्याला जेल होईल, आणि माणूस तर बरा होता, दवाखान्यात नारळपाणी घेऊन आला होता. वकील तात्यासाहेब मूळचे कन्नड गावचे, त्यांनी तीनदा समजावून सांगितलं की भरपाई इन्शुरन्स कंपनी देणार, गाडीवाला नाय. "मग गाडीवाल्याची चूक कशाला म्हणायची?" "चूक म्हटल्याशिवाय कंपनी देत नाही." "मग त्याला राग नाय येणार?" "तोच म्हणतो माझी चूक." बद्रीनाथनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुढं काही इचारलं नाय.

पण त्याहून मोठी पंचाईत वेगळीच झाली होती. तात्यासाहेबांनी इचारलं, "मावशी, रोज किती पडायचा?"

"पडायचा नाय," वच्छलाबाई म्हणाली. "आमची सावड हाय."

"सावडीची पावती नसते हो. बरं, मी मजुरीचा अंदाज लिहितो." आणि त्यांनी वाचून दाखवलं, "अर्जदार ही अपघातानंतर शेतीचं कोणतंही काम करू शकत नाही."

"हे खोडा."

"मावशी, हे खोडलं तर दावा खोडला."

"मी निकामी हाय असं कोण म्हणलं तुम्हाला?"

"कोणी नाही म्हणलं. कागदात म्हणावं लागतं."

वच्छलाबाईनं डाव्या हाताचा अंगठा उठवला, आणि तो दिवस गेला की दोन दिवस ती दीपमालाशी बी बोलली नव्हती, जसं काय ते वाक्य दीपमालानंच लिहिलं होतं.

तर गुरुवारी सगळे निघाले. पहाटे अंबाडा घातला, डबा बांधला, जीपनं खुलताबाद, तिथनं लालपरीनं शहर. भामाबाईनं ठेवणीतलं पांढऱ्या काठाचं लुगडं नेसलेलं. ती बसमध्ये ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होती. दीपमालानं कान दिला तर ती गाडीचा नंबर पाठ करत होती.

कोर्टात नंबर कोणी इचारलाच नाय. दीडपर्यंत पुकाराच झाला नाय. बाकड्यावर बसून बसून पाय सुजले. मग एकदम नाव घेतलं, भामाबाई उठली, चपला बाहेर काढून आत गेली. शिपाई म्हणाला, मावशी, चपला घाला, ती पुन्हा बाहेर आली, घातल्या, आत गेली.

इन्शुरन्स कंपनीची वकील सुलेखा मॅडम. दीपमालाला वाटलं होतं कोणीतरी मिशीवाला, अंगावर येणारा असंल. ही तर शाळेतल्या बाईसारखी, गोड आवाजाची.

"मावशी, तुमची आणि वच्छलाबाईंची सावड किती वर्षांची?"

"तीस. माझा थोरला पोटात व्हता तवापासून."

"अजून चालू आहे?"

"चालू हाय की."

"मग अपघातानंतर वच्छलाबाईंचे किती दिवस बुडाले?"

दीपमाला मागच्या बाकावर होती, तिला भामाबाईची नुसती पाठ दिसत होती. पण त्या पाठीवरनंच कळलं. ती ताठ झाली. चारचौघांत, साहेबापुढं, कोणीतरी तिच्या सावडकरणीचे दिवस बुडाले का म्हणून इचारत होतं.

"एक बी नाय," भामाबाई म्हणाली.

"एकही नाही?"

"नाय. खुरपणी, भर लावणं, काढणी, सगळे फिटले. माझ्याकडं तिचा एक दिवस बाकी नाय. वस्तीत कोणाला बी इचारा."

"म्हणजे त्या येतात."

"रोज येती. आमच्या आधी येऊन बसलेली असती."

जजसाहेब हळूहळू सांगत गेले, टायपिस्ट बडवत गेला. टक टक टक. दीपमालाला ते ऐकू येत होतं आणि वाटत होतं, बरंच झालं की, भामाकाकू किती चांगलं बोलल्या. मग तिनं तात्यासाहेबांकडं पाहिलं, तर ते डोळे मिटून बसलेले.

ते उठले. "साहेब, एकच प्रश्न. मावशी, वच्छलाबाईंच्या दिवसाचं काम कोण करतं?"

"त्यांच्या घरचंच करणार ना साहेब. मी माझं करीन का त्यांचं?"

कोणीतरी हसलं. जजसाहेबांनी चष्म्यातनं पाहिलं. "घरचं म्हणजे कोण?"

 भामाबाईनं वळून मागं बघितलं. वच्छलाबाई पदर डोक्यावर ओढून समोर बघत होती. "कोण बी असू दे साहेब," भामाबाई म्हणाली, "दिवस वच्छलाबाईचा."

बाहेर आल्यावर तात्यासाहेब भिंतीला टेकले. "मावशी, पाच मिनिटांत दावा झोपवला तुम्ही. बाई रोज शेतात येते, एक दिवस खाडा नाही, असं आता कागदावर आलं. कंपनी कशाला काय देईल?"

"पण मी खोटं काय बोलले?" भामाबाई म्हणाली. "बुडालेत म्हणू? तिच्या तोंडावर?"

"अहो, उपटतं कोण? हाताला माती कोणाच्या लागते?"

 दीपमाला तिथंच होती, हातात डब्याची पिशवी. तिला कळंना, हे आपण सांगायचं असतं का दुसऱ्या कोणी. बद्रीनाथ खाली बघत होता. शेवटी भामाबाईच म्हणाली, "ही करती. दीपमाला. पण असं कुठं इचारलं त्यांनी."

"तेच विचारलं होतं, मावशी," तात्यासाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी दीपमालाकडं नीट पाहिलं. "पुढच्या तारखेला हिची साक्ष. जेवढं काम केलं तेवढं माझं, असं सांगायचं. बस."

बस म्हणणं सोपं. लालपरीत खिडकीकडं वच्छलाबाई, मधी दीपमाला. दौलताबादचं वळण आलं. वच्छलाबाई म्हणाली, "तू काय सांगणार?"

"काय सांगू आत्याबाई?"

"मला काय इचारती. तोंड तुझं हाय."

घरी आल्यावर दीपमालानं माऊलीला फोन लावला. माऊली तिचा नवरा, वाळूजला कंपनीत, पंधरा दिवसांनी यायचा.

"खरं सांग," तो म्हणाला.

"खरं कोणतं पण?"

"दीपा, शिफ्ट सुरू झाली," असं म्हणून त्यानं ठेवला.

आणि खरंच, कोणतं? पावणेदोन वर्षं रोज सकाळी तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, वच्छलाबाईचा दिवस. आता कोर्टात माझा म्हणलं, तर वच्छलाबाई सावडीतनं जाणार, तीस वर्षांचं नाव एका दिवसात बुडणार. नाय म्हणलं, तर ऑपरेशन बुडणार. आणि एक बारीकशी तिसरी गोष्ट होती, ती दीपमालाला खुरपताना, भाकरी थापताना टोचायची, आणि तिचीच तिला लाज वाटायची. कोणीतरी इचारलं होतं. काम कोण करतं, असं आजवर कोणी इचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वच्छलाबाईनं अंबाडा घालायला दीपमालाला हाक मारणं बंद केलं. डाव्या हातानंच कसंतरी गुंडाळायची, ते बांधापर्यंत जाता जाता सुटायचं, आणि मग दिवसभर केस मानेवर. दीपमाला कंगवा घेऊन चुलीपुढं थांबायची. वच्छलाबाई शेजारनं निघून जायची.

फाल्गुनात तारीख आली. ऊन तापलं होतं, काढणी अर्ध्यावर. दीपमाला त्या लाकडी चौकटीत उभी राहिली, खरं सांगीन म्हणली, आणि तात्यासाहेबांनी शिकवलेलं भडाभडा बोलून टाकलं. खुरपणी मी केली, काढणी मी केली, सासूबाईंना काम होत नाय. मागं बघायचं नाय असं ठरवलं होतं, नाय बघितलं.

सुलेखा मॅडम उठल्या. "दीपमालाबाई, सावडीत रोज सकाळी कोणाचा दिवस म्हणून विचारतात ना?"

"व्हय."

"तुम्ही काय सांगता?"

"वच्छलाबाईचा."

"आणि इथं सांगता, माझा. मग खोटं कुठं बोलता? गावात की कोर्टात?"

 पंखा फिरत होता. दीपमालाला वाटलं, दोन्हीकडं खोटं, तिला वाटलं, दोन्हीकडं खरं, आणि दोन्हीतलं काहीच बोलता येईना. तिनं चौकटीची कड घट्ट धरली. जजसाहेबांची नजर तिच्या बोटांवर गेली.

"हाताला काय झालंय?"

तिनं हात मागं घेतले. मग वाटलं, साहेबांनी इचारलंय, म्हणून पुढं केले. नखांच्या कडा काळ्या, आद्रकाच्या रसानं बोटांची सालं निघालेली, तळव्याला पिवळे घट्टे, एक फुटलेला.

"आद्रक काढतो ना साहेब. असंच व्हतं. सगळ्यांचंच व्हतं."

"सगळ्यांचं?"

"जी काढती तिचं."

 जजसाहेब म्हणाले, "अर्जदारांना पुढं बोलवा."

वच्छलाबाई उठली. सगळ्या बाकड्यांमधनं तिला चालत यावं लागलं. "हात दाखवा," साहेब म्हणाले. तिनं डावा पुढं केला. "उजवा."

उजवा हात पूर्ण सरळ होत नव्हता. तिनं तो डाव्या हातानं उचलला आणि टेबलाच्या कडंवर ठेवला, तळवा वर करून. आणि दीपमालानं तो तळवा पहिल्यांदाच असा उजेडात पाहिला. गोरा पडलेला. मऊ. एक घट्टा नाय, एक चीर नाय, कधी मातीला हात लावलाच नाय अशा बाईचा असावा तसा. दीपमालाचा हात शेजारीच होता.

सुलेखा मॅडम काहीतरी म्हणायला गेल्या, साहेबांनी थांबवलं आणि टायपिस्टला सांगायला लागले. "अर्जदाराच्या उजव्या तळहातावर श्रमाच्या खुणा नाहीत. तळहात मऊ आहे." टक टक टक. वच्छलाबाईची मान खाली. ते वाक्य संपेपर्यंत हात टेबलावरच होता. मग तिनं तो उचलला आणि पदराखाली घेतला, चोरीचा माल झाकावा तसा.

"तुम्ही उत्तर दिलं नाही," सुलेखा मॅडम दीपमालाला म्हणाल्या, पण आवाज आधीसारखा गोड नव्हता. "दिवस कोणाचे?"

"दिवस आत्याबाईचेच," दीपमाला म्हणाली. "केले मी."

बाहेर तात्यासाहेब खुश होते. चहा सांगितला. "आता आशा आहे. निकालाला पुढच्या महिन्याची तारीख पडली." बद्रीनाथनं इचारलं, म्हणजे जिंकलो का? ते म्हणाले, जिंकलो नाही, पण मेलेला दावा उठून बसला. बद्रीनाथनं मान हलवली, त्याला कळलं नव्हतं. वच्छलाबाईनं चहा घेतला नाय. भामाबाई तिच्याजवळ जाऊन बसली, तिचा उजवा हात पदराखालनं काढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि नुसता चोळत राहिली.  दीपमाला चहाचा कप घेऊन उभी. आपण वाचवलं का मारलं, हे तिला कोणी तरी सांगायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी काढणी वच्छलाबाईच्याच रानात. सकाळी वारा सुटलेला, धूळ डोळ्यात जात होती. कोपऱ्यातल्या बाभळीखाली पाण्याची कळशी ठेवली. पाची घरच्या बायका आल्या, कोर्टातली बातमी आधीच वस्तीभर झालेली, कोणी नजर देईना. वच्छलाबाई बांधावर, केस मोकळे, वाऱ्यानं तोंडावर येत होते आणि ती डाव्या हातानं मागं सारत होती.

रान घरचं असलं तरी दिवस सांगावाच लागतो. भामाबाईनं पदर खोचला.  तिनं आधी वच्छलाबाईकडं पाहिलं, मग दीपमालाकडं.

"आज कोणाचा दिवस?"

दीपमालानं तोंड उघडलं आणि तिथंच अडकली. 

"तिचा हाय," वच्छलाबाई म्हणाली. मान वर केली नाय. "नाव तिचंच घ्या."

राग होता, का देणं होतं, दीपमालाला समजंना. तिनं सासूच्या तोंडाकडं बघितलं, केसांमुळं तोंड दिसत नव्हतं. भामाबाई हळूच म्हणाली, "दीपमालाचा दिवस," आणि सरीत उतरली. मागनं बाकीच्या उतरल्या. दीपमाला बी उतरली. गड्डा धरला, उपटला, आपटला. दिवस माझा, असं मनात म्हणून बघितलं. गड्डा तेवढाच जड होता.

दोन सऱ्या झाल्या असतील. बांधावरनं आवाज आला.

"दीपे."

ती उठून गेली. वच्छलाबाईनं पाठ फिरवलेली. मांडीवर कंगवा होता, म्हणजे सकाळी घरनंच आणला होता.

"केस बांध. डोळ्यात जातेत."

"हात मातीचे हायत, आत्याबाई. धुऊन येते."

"राहू दे मातीचे," वच्छलाबाई म्हणाली.

दीपमाला मागं बसली आणि तशाच हातानं तिनं केस गोळा केले.